सह्या झाल्या, पण काम कुणाच्या नावावर?

दोन राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये सामंजस्य करार झाला की त्याची बातमी कशी असणार, हे आता पाठ झालं आहे. दोन संचालक, मध्ये फायलींची अदलाबदल, मागे फलक आणि ‘संयुक्त संशोधनाला चालना मिळणार’ हे ठरलेलं वाक्य. करारातला मजकूरही सगळीकडे साधारण सारखाच असतो: माहितीची देवाणघेवाण, एकमेकांच्या सुविधांचा वापर, संयुक्त प्रकल्प, परिसंवाद. त्यात काय लिहिलेलं नसतं, ते जास्त महत्त्वाचं आहे. कोणत्या यंत्राचे किती तास मिळणार, खर्च कोणत्या खात्यातून होणार, अडलं तर निर्णय कुणाचा आणि काम फसलं तर जाब कुणाला विचारायचा, याबद्दल बहुधा अवाक्षर नसतं. वर्षभरानं चौकशी करावी तर दोन्हीकडचे लोक अगदी प्रामाणिकपणे सांगतात की इच्छा आहे, पण कार्यपद्धती अजून ठरायची आहे.

मला इथे एकच मुद्दा लावून धरायचा आहे. प्रयोगशाळांमधलं सहकार्य सदिच्छेवर चालत नाही. संयुक्त कामाला स्वतःचा पैसा, स्वतःचा प्रमुख आणि श्रेयाच्या हिशेबात स्वतःची जागा मिळाली, तरच ते उभं राहतं. हे तिन्ही द्यायचं टाळून सरकारं एकतर करारांवर थांबतात, नाहीतर पार दुसऱ्या टोकाला जाऊन प्रयोगशाळा एकमेकींत विलीन करायला निघतात. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. त्यातली दुसरी मला जास्त धोक्याची वाटते, कारण एकाचं मोजमाप दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तपासायचं, ही विज्ञानाची मूळ गरजच तिच्यात मारली जाते.

मुळात या संस्था वेगवेगळ्या का आहेत, हे आधी मान्य करायला हवं. भारतात सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, स्थापना १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात झाली. उद्योगांना लागणारं संशोधन देशातच व्हावं हा तिचा हेतू. अणुऊर्जा विभाग १९५४ चा, डीआरडीओ १९५८ ची. वैद्यकीय संशोधनाची परंपरा १९११ च्या ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’पर्यंत मागे जाते, तिचीच पुढे आयसीएमआर झाली. जर्मनीत माक्स प्लांक संस्था मूलभूत संशोधन करतात, फ्राउनहोफर संस्था उद्योगांची कामं करतात आणि मोठी यंत्रं हेल्महोल्ट्झ केंद्रांकडे असतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे १७ राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत. त्यांतली लिव्हरमोर १९५२ मध्ये उभी राहिली ती अण्वस्त्रांच्या कामात लॉस अलामॉसला कुणीतरी स्पर्धक हवा म्हणून. म्हणजे या भिंती बेपर्वाईनं पडून राहिलेल्या नाहीत. त्या विचार करून बांधलेल्या आहेत आणि बऱ्याचदा त्यांचा उपयोगही झाला आहे.

पण प्रत्येक भिंतीबरोबर तिचे नियमही आले. खरेदीची पद्धत वेगळी, लेखापरीक्षण वेगळं, बढतीचे निकष वेगळे, फाटकावरचा प्रवेशपास वेगळा. कल्पना करा की एका संस्थेत नवा चुंबकीय पदार्थ तयार झाला आणि तो अतिशीत तापमानाला मोजण्याचं यंत्र दुसऱ्या मंत्रालयाच्या संस्थेत आहे. शास्त्रज्ञांचं एकमेकांशी फोनवर पाच मिनिटांत ठरतं. मग प्रश्न येतो द्रवरूप हेलियमचा, जो महाग असतो आणि मोजणी करताना उडून जातो. त्याचं बिल कुणी भरायचं? यजमान संस्थेच्या अंदाजपत्रकात बाहेरच्यांच्या नमुन्यांसाठी शीर्षक नाही, आणि पाहुण्या संस्थेला दुसऱ्या सरकारी संस्थेला पैसे द्यायचे तर आधी मंजुरी हवी. मंजुरी येते तोवर ३१ मार्च उलटून जातो आणि शिल्लक निधी परत गेलेला असतो. यात कुणी खलनायक नाही. प्रत्येक कारकून आपापल्या नियमाप्रमाणे बरोबरच असतो. तरीही नमुना कपाटातच राहतो.

हे कोडं सुटू शकतं याचा सगळ्यात बोलका दाखला मला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ओक रिज इथे उभ्या असलेल्या ‘स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्स’मध्ये दिसतो. पदार्थाच्या आत अणू कसे रचलेले आहेत, चुंबकत्व कसं वागतं, हे न्यूट्रॉनचा झोत टाकून पाहण्याचं हे यंत्र. ते एका प्रयोगशाळेनं बांधलं नाही. हायड्रोजनचे ऋण आयन तयार करून २५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेणारा सुरुवातीचा भाग कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेनं केला. तिथून झोत १८ कोटी ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेणारा रेषीय त्वरक, म्हणजे कणांना सरळ रेषेत वेग देणारं यंत्र, लॉस अलामॉसचा. पुढे १ अब्जापर्यंत ढकलणाऱ्या अतिवाहक (अतिशीत तापमानात वीज जवळजवळ विनाअडथळा वाहणाऱ्या धातूच्या) कॅव्हिटी व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबच्या. इलेक्ट्रॉन काढून टाकलेले प्रोटॉन साठवून त्यांचा आखूड ठोका बनवणारं कडं न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवनचं. ज्या वाहत्या पाऱ्यावर ते सेकंदाला ६० वेळा आदळतात, ते लक्ष्य ओक रिजचं. आणि त्यातून उडणारे न्यूट्रॉन टिपणारी उपकरणं उभारण्याची जबाबदारी सुरुवातीला शिकागोजवळच्या अरगॉनकडे होती.

सुरुवातीला हे काम रखडेल असंच दिसत होतं. तेव्हा भागीदार पाच होते. १९९९ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी नेमकं तेच बोट ठेवलं, जे आपल्याकडच्या कुठल्याही संयुक्त प्रकल्पावर ठेवता येईल: वेगवेगळ्या प्रयोगशाळांतली माणसं आपापल्या संचालकांना उत्तरदायी आहेत आणि सगळ्या कामावर एकसंध नियंत्रण कुणाचंच नाही. त्यानंतर जे केलं गेलं, ते फार झगमगीत नव्हतं. अरगॉनमध्ये मोठा सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) बांधून दाखवलेल्या डेव्हिड मॉन्क्टन यांना प्रकल्पप्रमुख म्हणून आणलं गेलं, आणि भागीदार प्रयोगशाळांमधले कामाचे गट प्रकल्प कार्यालयाला बांधून घेतले गेले. प्रमुखाच्या हाती सत्ता आल्यामुळे पुढे एक अवघड निर्णयही घेता आला. २००० मध्ये त्वरकाचा मोठा भाग तांब्याऐवजी अतिवाहक तंत्रज्ञानानं करायचं ठरलं आणि त्यासाठी सहावा भागीदार म्हणून जेफरसन लॅब आली. काम अर्ध्यावर असताना एका भागीदाराचा वाटा कमी करून दुसऱ्याला देणं, हे केवळ सदिच्छेच्या करारात होऊच शकत नाही. तिथे प्रत्येकाला नकाराचा अधिकार असतो आणि निर्णयाचा कुणालाच नसतो. २००६ मध्ये, १.४ अब्ज डॉलर खर्चून, ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या पैशात यंत्र सुरू झालं.

या गोष्टीतली मला सर्वात महत्त्वाची वाटते ती जोडणीची जागा. बर्कलीचा झोत जिथे संपतो आणि लॉस अलामॉसचा त्वरक जिथे सुरू होतो, तिथे झोताची ऊर्जा किती, जाडी किती, ठोका किती लांबीचा, हे आकडे दोघांनाही बंधनकारक होते. ‘सहकार्य करू’ या शब्दांना तिथे अर्थच उरत नाही. झोत एक तर त्या मापाचा असतो किंवा नसतो. संयुक्त कामाचा मसुदा करताना सर्वाधिक वेळ या सांध्यांवर घालवला पाहिजे, आणि आपल्याकडे नेमका तिथेच सर्वात कमी जातो.

आता एक गोष्ट सहकार्याच्या समर्थकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीही, मान्य करायला हवी. जितक्या जास्त संस्था, तितकं काम चांगलं, असं मुळीच नाही. जोनाथन कमिंग्ज आणि सारा कीसलर यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या ६२ संशोधन-सहकार्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त विद्यापीठं सामील असलेल्या प्रकल्पांना समन्वय कमी जमला आणि त्यांच्या हाती फळही कमी लागलं, असं त्यांना आढळलं. देखरेख आणि प्रत्यक्ष भेटीगाठी यांमुळे हे नुकसान कमी होत होतं, पण त्यांना वेळ आणि पैसा लागतो. याचा अर्थ सरळ आहे. सहकार्याला किंमत पडते, आणि ती कुणीतरी मोजावी लागते. जे काम एक प्रयोगशाळा एकटी नीट करू शकते, ते केवळ शोभेसाठी तिघींच्या नावावर करू नये. ‘संयुक्त’ हा शब्द असला की गुण वाढतात म्हणून प्रस्तावात दोन पाहुणी नावं घालायची प्रथा तर ताबडतोब थांबायला हवी.

मग संयुक्त काम कधी करावं? यंत्र एकीच्या आवाक्याबाहेरचं असेल तेव्हा, हे उघडच आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रसंग: एकाच प्रश्नाचं उत्तर स्वतंत्रपणे दोनदा मिळायला हवं असतं, तेव्हा. किलोग्रॅमच्या नव्या व्याख्येचा इतिहास या दृष्टीनं मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे.

१८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्हर इथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल. त्याच्या जगभरच्या प्रती अधूनमधून त्याच्याशी ताडून पाहिल्या, तर शतकभरात त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. नेमकं कोण बदललं, हे सांगायचीही सोय नव्हती. म्हणून वस्तूऐवजी निसर्गाच्या स्थिरांकावर, प्लांकच्या स्थिरांकावर, किलोग्रॅम बांधायचं ठरलं. त्यासाठी तो स्थिरांक अतिशय काटेकोर मोजणं भाग होतं. वाट दोन होत्या. एक म्हणजे ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सुचवलेला तराजू, ज्यात वजन विद्युतचुंबकीय बलानं तोललं जातं. दुसरी म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ चा अतिशय गुळगुळीत गोल बनवून त्यातले अणू मोजणं. या गोलासाठी समस्थानिक रशियात वेगळे केले गेले, स्फटिक बर्लिनमध्ये वाढवला गेला, गोलांना झिलई ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेत झाली, स्फटिकातल्या अणूंचं अंतर इटलीत तुरिनला मोजलं गेलं, आणि गोलाचा आकार जर्मनीच्या पीटीबी या राष्ट्रीय मोजमाप संस्थेनं आणि जपानच्या मोजमाप संस्थेनं. हातातून हातात गेलेलं काम.

तराजूंच्या बाजूला मात्र वाद उभा राहिला. ब्रिटननं आपला तराजू २००९ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेकडे ओटावाला पाठवला. तो पाठवण्याच्या सुमारास, वजन ठेवताना आणि उचलताना एक बारीक चूक शिरत असावी, असं ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं. ती काढून टाकायला त्यांच्याकडे वेळ उरला नव्हता, पण त्यांनी ती लपवली नाही, प्रसिद्ध केली. कॅनडाच्या चमूनं यंत्र पुन्हा उभारताना तिचा बंदोबस्त केला. पण मग कॅनडाचं उत्तर आणि अमेरिकेच्या निस्ट या राष्ट्रीय मोजमाप संस्थेचं आधीचं उत्तर यांत एक कोटीत दोन-तीन भागांचा फरक निघाला. ऐकायला क्षुल्लक, पण दोघांनी सांगितलेल्या अनिश्चिततेच्या मानानं हा फरक फार मोठा होता. कुणातरी एकाचं चुकत होतं.

अशा वेळी दोन प्रयोगशाळा एकाच संचालकाच्या हाताखाली असत्या, तर काय झालं असतं? मला वाटतं, बैठक झाली असती, मधला आकडा धरला गेला असता आणि चूक कायमची गाडली गेली असती. प्रत्यक्षात तसं झालं नाही. निस्टमध्ये नव्या माणसांनी मोजमाप नव्यानं केलं आणि २०१४ मध्ये आलेलं त्यांचं उत्तर कॅनडाच्या व सिलिकॉन गोलाच्या उत्तराजवळ सरकलेलं होतं. व्याख्या बदलण्यासाठी आंतरराष्ट्रीय समितीनं घातलेली अटही लक्षात ठेवण्यासारखी आहे: किमान तीन स्वतंत्र प्रयोग, त्यांत दोन्ही पद्धतींचा समावेश, प्रत्येकाची अनिश्चितता दहा कोटीत ५ भागांहून जास्त नको, आणि एकाची तरी २ भागांहून जास्त नको. ती पुरी झाल्यावर १६ नोव्हेंबर २०१८ ला व्हर्सायमध्ये ठराव झाला आणि २० मे २०१९ पासून नवा किलोग्रॅम लागू झाला.

म्हणून खर्च वाचवण्याच्या नावाखाली प्रयोगशाळा एकत्र करण्याच्या सूचना येतात, तेव्हा मला काळजी वाटते. इमारती, वसतिगृहं, लेखा विभाग खुशाल एकत्र करा. पण ज्या दोन चमू एकमेकांना ‘तुझं चुकलं आहे’ असं न घाबरता सांगू शकतात, त्यांना एका वरिष्ठाच्या गोपनीय अहवालाखाली आणू नका. मोजण्याची साधनं, मापनाच्या पद्धती आणि कच्ची माहिती खुली करा. निष्कर्ष मात्र वेगवेगळे निघू द्या.

भारतात सहकार्याची खरी परीक्षा करोनाच्या साथीत झाली. विषाणूचे जनुकक्रम शोधण्यासाठी ‘इन्साकॉग’ हे जाळं डिसेंबर २०२० मध्ये उभं केलं गेलं. सुरुवातीच्या दहा प्रयोगशाळांची यादी पाहिली की आपल्या भिंती किती आहेत तेही दिसतं. दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि बेंगळुरूचं निम्हान्स आरोग्य मंत्रालयाचं, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आयसीएमआरची, हैदराबादची सीसीएमबी आणि दिल्लीची आयजीआयबी सीएसआयआरची, पुण्याची एनसीसीएस, कल्याणी आणि भुवनेश्वरच्या संस्था जैवतंत्रज्ञान विभागाच्या. चार वेगवेगळे मालक, आणि तरीही त्यांनी काम केलं. २४ मार्च २०२१ च्या निवेदनात आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांपैकी १५ ते २० टक्क्यांमध्ये दोन विशिष्ट उत्परिवर्तनं दिसत आहेत आणि ती आधी नोंदलेल्या कुठल्याही चिंताजनक प्रकाराशी जुळत नाहीत. जगाला पुढे डेल्टा म्हणून माहीत झालेला प्रकार याच वंशातला. या शास्त्रज्ञांनी त्या काळात केलेल्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण वेळापत्रकही पाहू. ब्रिटननं असंच जाळं मार्च २०२० मध्ये, साथीच्या पहिल्याच लाटेत, २ कोटी पौंड देऊन सुरू केलं होतं. आपल्याला नऊ महिने जास्त लागले. क्षमता नव्हती म्हणून नव्हे. सीसीएमबी किंवा विषाणू संस्थेत जनुकक्रम वाचणारी यंत्रं आणि माणसं आधीपासून होती. नव्हतं ते एवढंच, की चार मालकांच्या यंत्रांवर एकाच कामासाठी वेळ मागू शकेल असं कुणी. शिवाय जनुकक्रम एकटा पुरत नाही. तो कुठल्या जिल्ह्यातल्या, किती वयाच्या, लस घेतलेल्या की न घेतलेल्या रुग्णाचा, आणि त्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे जोडल्याशिवाय विषाणूचा स्वभाव कळत नाही. ती माहिती रुग्णालयांकडे आणि राज्यांच्या आरोग्य खात्यांकडे होती. ओक रिजच्या भाषेत सांगायचं तर सांधा आधी आखलेलाच नव्हता. २०२१ मध्ये हे जाळं २८ प्रयोगशाळांपर्यंत वाढलं, ते चांगलंच झालं. साथ ओसरली तरी ते नावापुरतं न राहता रोजच्या कामात राहायला हवं. इतर रोगजंतूंवर त्याचा सराव चालू राहिला, तरच पुढच्या वेळी नऊ महिने वाया जाणार नाहीत. आणि त्यातल्या काही नमुन्यांची मोजणी मुद्दाम दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी, एकमेकींचा निकाल न पाहता, करत राहावी.

आपल्याकडे चांगले नमुने नाहीतच, असं नाही. अणुऊर्जा विभागाच्या मोठ्या सुविधा विद्यापीठांना वापरता याव्यात म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८९ मध्ये एक स्वतंत्र संस्था काढली. आज तिचं नाव यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघ. इंदूरचं सिंक्रोट्रॉन किंवा मुंबईची ध्रुव अणुभट्टी यांच्यापर्यंत विद्यापीठातला संशोधक पोहोचतो, तो या संस्थेमार्फत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाय असलेली, स्वतःचे शास्त्रज्ञ आणि स्वतःचा निधी असलेली संस्था! अशी बांधणी सीएसआयआर आणि आयसीएमआर यांच्यात, किंवा संरक्षण आणि नागरी प्रयोगशाळांमध्ये, का होऊ नये?

लायगो-इंडियाची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण तिथे वर्षांचा नव्हे, दशकांचा हिशेब आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ४-४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचा गुरुत्वीय लहरी शोधक उभा राहायचा आहे. जबाबदाऱ्या चार संस्थांत वाटलेल्या आहेत: गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पुण्याची आयुका आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली, पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये, २,६०० कोटी रुपयांची. मधल्या सात वर्षांत ज्या तरुणांनी या विषयात पीएचडी केली, त्यांना नोकरी कुठे शोधायची हा प्रश्न कुठल्याही करारात नव्हता.

असा शोधक हवाच कशाला, याचं उत्तर १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेत आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी अमेरिकेतल्या दोन लायगो शोधकांनी टिपल्या. केवळ त्या दोघांच्या नोंदींवरून आकाशाचा सुमारे १९० चौरस अंशांचा पट्टा शोधावा लागला असता. इटलीतल्या व्हर्गो या तशाच शोधकात तो संकेत जेमतेम होता, जवळजवळ नाहीच. पण व्हर्गो नीट चालू होता हे माहीत होतं. म्हणजेच स्रोत त्याला कमी दिसणाऱ्या दिशेला असणार, आणि पट्टा सुमारे ३० चौरस अंशांवर आला. अकरा तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीनं ती दीर्घिका शोधून काढली. जवळपास काहीच न दिसलेल्या शोधकानं सगळ्यांना वाट दाखवली.

श्रेयाचा प्रश्न मला इथेच सुरू झालेला दिसतो. व्हर्गोचं ‘काही न दिसणं’ शोधनिबंधात सन्मानानं आलं, कारण त्या सहकार्यात लेखकांची यादी आधीच ठरलेली होती. आपल्या बढती समित्या अजूनही प्रथम लेखक कोण आणि पत्रव्यवहाराचा लेखक कोण, हेच आधी विचारतात. हिग्ज कणाच्या वस्तुमानावर २०१५ मध्ये आलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. त्या निकषावर त्यातल्या जवळपास सगळ्यांचं काम शून्य ठरतं. व्हॅक्यूम नळीतली गळती शोधण्यात, कॅलिब्रेशन जुळवण्यात, सहा संस्थांची माहिती एका साच्यात आणण्यात तीन वर्षं घालवणाऱ्या शास्त्रज्ञाला मुलाखतीत ‘तुमचं स्वतःचं काय?’ असा प्रश्न येत असेल, तर त्याच्या धाकट्या सहकाऱ्यांनी काय धडा घ्यावा? कुणी कोणतं काम केलं हे भूमिकांनुसार नोंदवण्याची पद्धत अनेक नियतकालिकांनी स्वीकारली आहे. राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या मूल्यमापनात ती सक्तीची करायला फार पैसा लागणार नाही.

याला आक्षेप येतील. सुरक्षेचा आक्षेप खरा आहे. सगळ्या प्रयोगशाळांची दारं सगळ्यांना उघडी असू शकत नाहीत. पण गोपनीय काय आणि साधी मोजमापाची सुविधा कोणती, याची वर्गवारी करणं शक्य आहे, आणि ती न करता सगळ्यालाच कुलूप लावणं हा आळस आहे. संयुक्त प्रमुखाला अधिकार दिले तर संचालकांची स्वायत्तता जाते, असाही सूर निघेल. जातेच, तेवढ्या कामापुरती. त्याबदल्यात त्या संस्थेला तिच्या वाट्याचं जे काम मिळतं, त्यावर तिचा पूर्ण हक्क राहतो. निर्णय एका हातात नसतील, तर प्रकल्प भिजत पडतो आणि शेवटी स्वायत्त राहण्यासारखं काही उरत नाही.

पैशाचा मार्ग मात्र बदलायलाच हवा. २०२३ च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या उभारणीच्या वेळी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. त्यातून येईल तेवढ्या रकमेतला एक भाग दोन किंवा अधिक मंत्रालयांच्या प्रयोगशाळांनी मिळून करायच्या कामांसाठी बाजूला ठेवावा. तो मूळ मंत्रालयांमार्फत न जाता थेट प्रकल्पप्रमुखाकडे जावा, आणि आर्थिक वर्ष संपलं म्हणून परत घेतला जाऊ नये. अर्जात सांध्यांचे आकडे, मोजणी स्वतंत्रपणे कोण तपासणार त्याचं नाव आणि यंत्रांच्या देखभालीचा खर्च मागावा. देखभालीचा खर्च विशेष करून, कारण सामायिक यंत्र बिघडलं की ते कुणाचंच नसतं.

उरतो माणसांचा प्रश्न, आणि तो सर्वात आधी सोडवता येण्यासारखा आहे. एका राष्ट्रीय प्रयोगशाळेतून दुसरीकडे जाणाऱ्या शास्त्रज्ञाला पाच वर्षांची प्रतिनियुक्ती, मूळ जागी परत येण्याचा लेखी हक्क, आणि त्या काळातलं काम बढतीत मूळ संस्थेनं ग्राह्य धरण्याची हमी मिळावी. नियमात आज प्रतिनियुक्ती आहे, पण परतल्यावर ज्येष्ठतेत मागे पडण्याची भीती असल्यामुळे ऐन उमेदीतली माणसं ती मागत नाहीत. लायगो-इंडियासाठी इंदूर, गांधीनगर आणि पुण्याच्या संस्थांनी हे आताच एकमेकांत ठरवावं. बांधकाम पूर्ण व्हायची वाट पाहिली, तर आठ किलोमीटर नळीतली हवा काढून ती वर्षानुवर्षं निर्वात ठेवणारी माणसं तेव्हा जाहिरात देऊन मिळणार नाहीत. ती तयार व्हायला लागणारी पाच-सात वर्षं आत्ताच सुरू झालेली असायला हवीत.